बुधवार-शनिवार सायकलींचे

इटलीच्या वायव्य टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ, सूझा आणि कीझोने ही दोन खोरी एकमेकांना लागून आहेत. दोन्हींच्या मधून आल्प्सची एक लांबलचक धार जाते आणि त्या धारेच्या माथ्यावरून खडीचा एक रस्ता काढलेला आहे. त्याचं नाव असिएत्ताचा रस्ता. सरकारी दप्तरात तो प्रांतिक मार्ग क्रमांक 173 म्हणून नोंदलेला आहे. लांबी सुमारे 34 किलोमीटर. जवळजवळ सगळा रस्ता दोन हजार मीटरच्या वर आणि सर्वांत उंच जागी अडीच हजारांच्याही किंचित वर. वाटेत गाव नाही, पेट्रोल पंप नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये दर बुधवारी आणि शनिवारी, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, त्यावर मोटारी आणि मोटरसायकलींना बंदी असते. ते दोन दिवस रस्ता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा.

एवढ्या उंचीवर, एवढ्या लांबीचा आणि गाड्यांपासून मोकळा रस्ता सायकलसाठी मिळणं हे युरोपातही दुर्मीळ आहे. आल्प्समधल्या नावाजलेल्या खिंडींमधून उन्हाळ्यात मोटरसायकलींची रीघ लागलेली असते. डांबर गुळगुळीत असतं, पण कानाशी सतत इंजिनाचा आवाज आणि मनात सतत मागून येणाऱ्या गाडीचा विचार. पुण्याच्या आसपासचे घाट चढणाऱ्या कुणालाही हा विचार वेगळा समजावून सांगायला नको. चढावर माणूस निम्मी ताकद पायात घालतो आणि निम्मी मागच्या हॉर्नकडे लक्ष ठेवण्यात. असिएत्ताला जायचं मी ठरवलं ते या एका कारणासाठी.

भाचा तूरिनच्या तंत्रविद्यापीठात शिकतो. राहायची सोय त्याच्याकडे, आणि सायकली भाड्याने घेतल्या शहरातच. या रस्त्याला ग्रॅव्हल सायकल उत्तम. दिसायला ती शर्यतीच्या सायकलीसारखी, वाकड्या हँडलची. पण टायर 40 ते 45 मिलिमीटर रुंद, चौकट थोडी लांब आणि स्थिर, डिस्क ब्रेक, आणि चढासाठी खूप हलके गिअर. गिअरचा मुद्दा महत्त्वाचा. पुढचं दातेरी चक्र मागच्यापेक्षा लहान किंवा फार तर बरोबरीचं असेल, तरच बसल्या जागी पायडल फिरवत राहता येतं. खडीवर उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि सायकल थांबते. टायर ट्यूबलेस असावेत आणि त्यांत हवा डांबरी रस्त्यापेक्षा बरीच कमी ठेवावी. मऊ टायर दगडावर उडत नाही, दगडाला धरून जातो.

तूरिनहून सूझापर्यंत प्रादेशिक रेल्वे जाते. सायकलचं तिकीट काढलं की ती डब्यात घेता येते आणि तास-सव्वा तासात आपण डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. सूझा समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर. तिथून असिएत्ताच्या धारेवर जायला आधी कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही 2178 मीटरवरची खिंड चढावी लागते. साडेअठरा किलोमीटर, सरासरी चढ नऊ टक्क्यांहून जास्त. म्हणजे दर शंभर मीटरला नऊ मीटर वर, आणि हे सबंध अंतरभर. एकूण चढ सुमारे सतराशे मीटर होतो. आपलं कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून 1646 मीटर आहे. तेवढी उंची शून्यापासून सायकलवर चढल्यासारखाच हा हिशेब.

खालचा भाग चेस्टनटच्या रानातून जातो. अरुंद रस्ता, वळणावर वळण, आणि इतकी दाट सावली की ऑगस्टमध्येही गारवा. शेवटचे आठेक किलोमीटर उरले की डांबर संपतं. झाडीही विरळ होते, आणि पुढचा सगळा रस्ता डोंगराच्या उघड्या उतारावर नागमोडी आखलेला एकदम समोर येतो. 2005 साली जिरो दितालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा या खडीवरून गेली आणि सायकलच्या जगात फिनेस्त्रेचं नाव झालं. 2018 च्या मे महिन्यात क्रिस फ्रूम याच खडीवर पुढे सटकला आणि शेवटचे 80 किलोमीटर एकटा हाकत त्याने शर्यतीचं चित्र पालटलं. त्या दिवसापर्यंत आघाडीवर असलेला सायमन येट्स याच चढावर मागे पडला होता. सात वर्षांनी, 2025 मध्ये, तोच येट्स त्याच चढावर प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून गेला आणि ती शर्यत जिंकला. या कहाण्या ठाऊक असल्या की खडीचे ते आठ किलोमीटर लवकर सरतात असं नाही, पण चालवताना सोबत होते.

खिंडीपलीकडे कीझोने खोरं. उतरताना समोर फेनेस्त्रेल्लेचा किल्ला दिसतो, आणि गडकिल्ल्यांची सवय असलेला मराठी डोळाही तिथे थबकतो. हा किल्ला डोंगराच्या माथ्यावर बसलेला नाही. तो डोंगराच्या उतारावर, खालपासून वरपर्यंत, तीन किलोमीटर लांब पसरलेला आहे. तळच्या आणि वरच्या टोकाच्या उंचीत सहाशे मीटरहून अधिक फरक आहे. दोन्ही टोकं जोडणारा दगडी जिना पूर्ण झाकलेला आहे आणि त्याला सुमारे चार हजार पायऱ्या आहेत. शत्रूच्या तोफा चालू असतानाही दारूगोळा आणि माणसं आतल्या आत वर जावीत, यासाठी ही योजना. इन्यात्सिओ बेर्तोला या अभियंत्याच्या आराखड्यावर 1728 मध्ये काम सुरू झालं आणि ते 1850 पर्यंत चाललं. खोऱ्याचं तोंड बंद करणं हे त्याचं काम. पुढे तो तुरुंग म्हणूनच जास्त वापरात राहिला. नेपोलियनने पोपच्या दरबारातले कार्डिनल पाक्का यांना इथेच कैदेत ठेवलं होतं.

मुक्काम शेजारच्या उस्सोमध्ये केला. चौदाशे मीटरवरचं, दगडी घरांचं, भिंतींवर रंगवलेल्या चित्रांचं हे लहानसं गाव. खोऱ्यातले जुने लोक इटालियनबरोबर ऑक्सितान ही दक्षिण फ्रान्समधली भाषा बोलतात. याचं कारण इतिहासात आहे. चौदाव्या शतकापासून इथली गावं पलीकडच्या ब्रियांसोंशी एका स्वायत्त मंडळात जोडलेली होती. 1713 च्या उट्रेख्टच्या तहाने सीमा पाणलोटावर नेली आणि ही खोरी फ्रान्सकडून सव्हॉय घराण्याकडे आली. सीमा सरकली, भाषा राहिली. संध्याकाळी जेवणात प्लेझांतीफ नावाचं इथलं चीज मिळालं. कुरणांवर रानव्हायोलेट फुलतात त्या सुरुवातीच्या आठवड्यांतल्या दुधाचं ते करतात, म्हणून त्याला व्हायोलेटचं चीज असंही म्हणतात.

दुसरा दिवस बुधवार. उस्सोहून पियान देल्लाल्पे या पठाराकडे चढताना आठच्या सुमाराला दोन-तीन मोटरसायकली आमच्या पुढे गेल्या. त्यांना बंदीच्या आधी रस्ता ओलांडायचा होता. जिथे 173 क्रमांकाचा रस्ता सुरू होतो तिथे फलक आहे. त्यावर महिने, वार, वेळ आणि वाहनांची चित्रं. इतर दिवशी वेगाची मर्यादा ताशी 30 किलोमीटर. आम्ही फलक ओलांडला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पुढे असिएत्ता खिंडीपर्यंत एकही इंजिन कानावर आलं नाही.

पहिले काही किलोमीटर लार्चच्या झाडांतून जातात. लार्च हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतो, आणि त्याच्या विरळ फांद्यांमधून खाली भरपूर ऊन येतं, म्हणून झाडांखालीही गवत दाट. त्यात गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं. दोन हजार मीटरच्या वर झाडं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना कुरणं लागतात. खडी एकसारखी नाही. कुठे बारीक, घट्ट बसलेली, करकरीत पांढरट मुरमासारखी; तिथे चाक डांबरावर जावं तसं जातं. कुठे मुठीएवढे सुटे दगड. तिथे नजर चाकापुढे पंधरा-वीस फुटांवर ठेवून वाट निवडावी लागते. मोटारींच्या चाकांनी दोन चाकोऱ्या दाबून टाकलेल्या असतात आणि मध्ये सुट्या खडीचा उंचवटा राहतो. एक चाकोरी पकडायची आणि ती सोडायची नाही. सोडायची वेळ आलीच, तर वेग कमी करून, सरळ रेषेत.

"मावशी, उतारावर ब्रेक धरून ठेवू नकोस. धर-सोड, धर-सोड. आणि हात सैल," भाचा मागून सांगत होता. सल्ला बरोबर होता. हँडल घट्ट धरलं की खडीचा प्रत्येक दणका खांद्यापर्यंत येतो. बोटं सैल ठेवली, कोपर वाकवले आणि वजन थोडं मागे घेतलं, की सायकल स्वतःची वाट स्वतः काढते.

गाड्या नसल्याचा पहिला फायदा कानाला कळतो. एका वळणावर तीक्ष्ण शिटी ऐकू आली. थांबून पाहिलं तर वीसेक पावलांवर दगडावर एक मार्मॉट मागच्या पायांवर उभा. मांजराएवढा, पण जाडजूड. पाठ करडी-तपकिरी, पुढचे दात पिवळसर. हा खारीच्या कुळातला प्राणी. वर्षातले जवळपास सहा महिने तो बिळात झोपून काढतो आणि उरलेल्या महिन्यांत खाऊन चरबी साठवतो. धोका दिसला की पहाऱ्यावरचा शिटी वाजवतो आणि बाकीचे बिळात पळतात. आम्ही हललो नाही तशी शिटी थांबली. दगडामागून दोन पिल्लं बाहेर आली आणि रस्त्याच्या मधोमध बसून गवताचं पातं पुढच्या पंजांत धरून कुरतडू लागली. रस्त्याच्या मधोमध बसायची हिंमत त्यांना बुधवारी होते की रोज, ते मार्मॉटांना ठाऊक. पण मोटरसायकलवरून त्यांची शिटी ऐकू येणार नाही, हे नक्की.

दुसरी भेट मेंढ्यांची. त्यांच्यासोबत पांढरे, केसाळ राखणदार कुत्रे असतात. 1990 च्या दशकात अपेनाइन पर्वतातून लांडगे स्वतःहून या भागात परतले, तेव्हापासून धनगरांना या कुत्र्यांचा आधार घ्यावा लागतो आहे. अशा कळपाजवळ सायकलवाल्याने काय करायचं याचे नियम ठरलेले आहेत आणि ते पाळावेतच. दुरूनच उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालायचं, कळपातून न जाता बाजूने वळसा घालायचा, धावायचं नाही, ओरडायचं नाही. कुत्रा जवळ येतो, हुंगतो, खात्री करून घेतो आणि परत जातो.

असिएत्ताची खिंड 2472 मीटरवर आहे. शेजारच्या टेकाडावर लढाईचं स्मारक आहे. 19 जुलै 1747 रोजी इथे फ्रेंच सैन्य आणि सव्हॉय घराण्याचं पिएमोंतेचं सैन्य यांची गाठ पडली. तेव्हा आपल्याकडे साताऱ्यात शाहू महाराज होते. युरोपात ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारसाहक्कावरून युद्ध चालू होतं. फ्रेंचांना तूरिनवर जायचं होतं, आणि दोन्ही खोऱ्यांची तोंडं किल्ल्यांनी अडवलेली होती: इकडे फेनेस्त्रेल्ले, तिकडे एक्झीयेस. म्हणून त्यांनी मधली धार निवडली. पिएमोंतेच्या सैन्याने दगड रचून छातीएवढ्या भिंती उभ्या केल्या आणि त्यांच्या आडून वाट पाहिली. संख्येने फ्रेंच कितीतरी जास्त होते, पण चढण उभी होती आणि मोठ्या तोफा वर आणणं अशक्य. काही तासांत सुमारे पाच हजार फ्रेंच सैनिक मेले किंवा जखमी झाले. त्यांचा सेनापती शेव्हालिए द बेल-ईल स्वतः निशाण घेऊन पुढे धावला आणि तिथेच पडला. बचाव करणाऱ्यांची हानी काही शेकड्यांची. या लढाईच्या स्मरणार्थ आजही जुलैमध्ये इथे लोक जमतात. सायकल रेटत वर आलेल्या माणसाला या लढाईचं गणित लगेच पटतं. अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तीन-चतुर्थांशच असतो. रिकाम्या हाताने चढतानाही धाप लागते. खांद्यावर बंदूक आणि समोरून गोळीबार असताना काय होत असेल!

खिंडीजवळ एक रिफुजिओ आहे, म्हणजे डोंगरातलं खाणावळवजा विश्रामघर. अंगणात सायकलींची रांग लागली होती. आतल्या मोठ्या टेबलावर सत्तरीतली जोडपी, विजेच्या सायकली घेऊन आलेली कुटुंबं, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन आलेले आईबाप. उकडलेल्या मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि त्यावर वितळलेलं चीज खाऊन सगळे पुन्हा उन्हात. एवढी लहान मुलं आणि एवढी वडीलधारी माणसं एकाच उंच डोंगरी रस्त्यावर मी आधी पाहिली नव्हती. कणखर तरुण गाड्यांच्या गर्दीतही सायकल रेटतात. रस्ता मोकळा असला तर बाकीचेही येतात.

पुढचा रस्ता धारेवरून पश्चिमेला जातो आणि एकामागून एक खिंडी येतात: लाउझोन, ब्लेझिए, कोस्ता प्याना, बुर्जे आणि शेवटी 2424 मीटरवरची बास्से. मधूनमधून उतार आणि पुन्हा चढ. कधी डावीकडे कीझोनेचं खोरं आणि त्यापलीकडचा आल्बेर्ज्यान डोंगर, कधी उजवीकडे सूझाचं खोरं आणि त्यावर 3538 मीटरचा रोच्चामेलोने. या शिखरावर 1358 मध्ये बोनिफाचो रोतारियो नावाचा माणूस चढला, आणि आल्प्समधल्या नोंद असलेल्या अगदी सुरुवातीच्या चढायांमध्ये त्या चढाईची गणना होते.

बास्सेच्या जवळून पश्चिमेला शाबेर्तों दिसतो. 3131 मीटरच्या या पिरॅमिडसारख्या शिखरावर इटलीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आठ तोफांची बॅटरी उभारली, प्रत्येक तोफ स्वतंत्र दगडी बुरुजावर. 1882 मध्ये इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी युती केल्यावर फ्रान्स सीमेपलीकडचा शत्रू ठरला, आणि या साऱ्या डोंगरांत किल्ले, बराकी आणि तोफा नेण्यासाठी रस्ते झाले. म्हणूनच इथल्या जुन्या लष्करी रस्त्यांचा चढ असा बेताचा: ओझं ओढणारी खेचरं थकू नयेत इतपत. तोच चढ आज सायकलवाल्याच्या पायांना मानवतो. शाबेर्तोंचा शेवट मात्र झटपट झाला. 21 जून 1940 रोजी फ्रेंचांनी पलीकडून जड मॉर्टरचा मारा केला आणि आठांपैकी सहा बुरुज एका दुपारी निकामी झाले. युद्धानंतर, 1947 च्या तहाने, ते शिखरच फ्रान्सकडे गेलं.

सेस्त्रिएरेला उतरलो की डांबर पुन्हा लागतं. 1930 च्या दशकात फियाटच्या आन्येल्ली कुटुंबाने वसवलेलं हे स्कीइंगचं गाव. 2006 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्पर्धा इथे झाल्या. तिथून चेझानामार्गे उतरत उल्क्स स्थानक गाठायचं आणि तूरिनची गाडी धरायची.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी नेमकी माहिती. बर्फामुळे हा रस्ता वर्षातला मोठा काळ बंद असतो, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हाच खरा हंगाम. बंदीचे वार आणि तारखा त्या वर्षीच्या आदेशात पाहून मगच बेत आखावा. फिनेस्त्रेचा चढ नको असेल तर उल्क्सला उतरून, सेस्त्रिएरे किंवा सौझे दुल्क्सच्या बाजूने थेट धारेवर जाता येतं. विजेची सायकलही चालते. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस होतो आणि उघड्या धारेवर आडोसा नाही, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारी दोनपर्यंत मुख्य अंतर संपवावं. वरचं पाणी गुरांच्या वावरामुळे बेभरवशाचं. गावातल्या कारंज्यावर दोन-तीन लिटर भरून घ्यावं. वारा रोखणारं जाकीट, बोटं झाकणारे हातमोजे आणि टायरच्या दुरुस्तीचं सामान सोबत हवंच.

असिएत्तावरची शांतता कुणीतरी ठरवली म्हणून आहे. हा रस्ता मोटरसायकल आणि जीपवाल्यांनाही तितकाच प्रिय आहे. त्यांना कायमची बंदी घातली असती तर भांडण झालं असतं. मोकळीक दिली असती तर धूळ आणि आवाज उरला असता. प्रशासनाने आठवडा वाटून दिला. पाच दिवस सगळ्यांचे, दोन दिवस बिनइंजिनाचे. खर्च काय, तर काही फलक आणि थोडी देखरेख.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढे लोक पायी, घोड्यावर किंवा झुकझुक गाडीने जातात. पण ती एका गावाची कायमची व्यवस्था आहे. वार वाटून देण्याचा प्रयोग वेगळा. सिंहगडाचा घाटरस्ता घ्या. शनिवार-रविवारी त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि त्याच घाटात पहाटे सायकलवर चढणारे पुणेकर शेकड्यांनी आहेत. आठवड्यातली एक सकाळ, समजा बुधवारी पाच ते नऊ, तो घाट मोटारींना बंद ठेवला तर? गडावर पिठलं-भाकरी आणि दही विकणाऱ्यांना आधी विचारावं, त्यांचा माल वर नेणाऱ्या गाड्यांना मुभा ठेवावी, एक हंगाम करून पाहावं आणि मग निकाल लावावा. असिएत्ताच्या रिफुजिओत जी लहान मुलं आणि सत्तरीतली जोडपी मी पाहिली, तशी आपल्या घाटातही दिसतील. त्यांना हवाय तो फक्त मोकळा रस्ता.